मझार काय शे?

बोरी नदीच्या काठी, अमळनेर आणि पारोळा यांच्या मधल्या पट्ट्यात माझ्या मामाचं शेत आहे. विहिरीला पाणी आहे, म्हणून मामा मे महिन्यातच ठिबकवर कपाशी लावतो. आमच्याकडे तिला पूर्वहंगामी म्हणतात. हिशेब वर्षानुवर्षांचा आहे. गौरी-गणपती उरकले की बोंडं फुटायला लागतात, पितृपक्षात पहिली वेचणी होते, दसऱ्याला जिनिंगचे मुहूर्त होतात आणि त्या पैशावर दिवाळी. हिशेबात अट एकच. सप्टेंबरात पावसानं आवरतं घ्यायचं.

आवरतं घेतलं नाही तर काय होतं, हे कपाशीच्या गावात वाढलेल्याला सांगावं लागत नाही. उमललेल्या बोंडात पाणी गेलं की कापूस आधी पिवळा पडतो, मग काळा. पाकळी फुलत नाही, कवडी होते. खालच्या फांद्यांवरच्या कैऱ्या सडतात. पाऊस चार दिवस टिकला तर झाडावरच्या बोंडातच सरकीला कोंब फुटतात, आणि ते हिरवे कोंब पाहून शेतकऱ्याला जे वाटतं ते लिहिता येत नाही. व्यापारी मूठभर कापूस हातात घेतो, दाबतो, ओल बघतो आणि एक शब्दही न बोलता भाव खाली आणतो.

अशाच एका ओल्या सप्टेंबरात मी मामाच्या ओट्यावर बसून त्याला एक शोधनिबंध समजावून सांगत होतो. उत्तर ध्रुवाजवळ कारा नावाचा समुद्र आहे, तिथलं बर्फ उन्हाळ्यात फार वितळलं तर आपल्याकडे सप्टेंबरात मुसळधार पाऊस पडण्याशी त्याचा संबंध असू शकतो, असं गोव्याच्या शास्त्रज्ञांनी मांडलं आहे, वगैरे. मामानं शांतपणे ऐकून घेतलं. तंबाखू मळली. मग म्हणाला, "भाचा, बरफ तठे, मन्ही कपाशी आठे. मझार काय शे ते सांग ना."

मझार म्हणजे मधे. बर्फ तिकडे, कपाशी इकडे, मधे काय आहे? तेव्हा मला धड उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे मामाला उशिरा दिलेलं उत्तर आहे, आणि तेही अर्धंच.

*

मधे आधी हवा आहे.

कारा समुद्र रशियाच्या सायबेरियाला लागून, नोवाया झेम्ल्या बेटांच्या पूर्वेला आहे. हिवाळ्यात तो गोठतो, उन्हाळ्यात कडेकडेनं उघडा पडतो. बर्फाचा, त्यातही वर ताजं हिम पडलेल्या बर्फाचा, गुण असा की अंगावर पडलेलं बहुतेक ऊन ते परत आकाशात फेकतं. उघडं, काळसर पाणी उलट वागतं. ते जवळजवळ सगळं ऊन पिऊन टाकतं. पाणी तापलं की आणखी बर्फ वितळतं, आणखी पाणी उघडं पडतं, ते आणखी तापतं. चुन्यानं रंगवलेलं धाबं आणि डांबरी पत्रा यांतला फरक जळगावात मे महिन्यात छपराखाली झोपलेल्या कुणालाही ठाऊक असतो. आर्क्टिकमध्ये पांढरं धाबं हळूहळू डांबरी पत्र्यात बदलतं आहे. फिनलंडच्या हवामान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२२ साली हिशेब मांडला, की १९७९ पासून आर्क्टिक प्रदेश उरलेल्या पृथ्वीच्या जवळपास चौपट वेगानं तापला. १९७९ हे साल यासाठी, की तेव्हापासून उपग्रह समुद्रावरच्या बर्फाची अखंड मोजणी करत आहेत. सप्टेंबर हा तिथला सर्वांत कमी बर्फाचा महिना. त्या महिन्यातलं बर्फाचं क्षेत्र दर दशकाला सुमारे १२ टक्क्यांनी घटत आलं आहे, आणि २०१२ च्या सप्टेंबरात तर ते ३४ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास येऊन टेकलं. उपग्रहांच्या नोंदीतला तो नीचांक.

आता लांब दोरखंडाचं एक टोक झाडाला बांधा आणि दुसऱ्या टोकाला झटका द्या. झटका आपल्या हातात होतो, पण हालचाल झाडापर्यंत लाटेनं जाते. पृथ्वीच्या वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे वेगवान वारे असतात आणि त्यांच्यात हजारो किलोमीटर लांबीच्या लाटा असतात. कार्ल-गुस्ताफ रॉस्बी या स्वीडनमध्ये जन्मलेल्या हवामानशास्त्रज्ञानं त्यांचं गणित मांडलं, म्हणून त्यांना रॉस्बी लहरी म्हणतात. गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि सागरी संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी नॉर्वेतल्या सहकाऱ्यांसह २०२१ साली जे मांडलं ते थोडक्यात असं: कारा समुद्रावरचं उन्हाळी बर्फ कमी झालं की वरची हवा तापते, वाऱ्यांच्या दोरखंडाला झटका बसतो, पश्चिम युरोप आणि ईशान्य चीनवर हवेचा दाब वाढतो, लाटांची मांडणी बदलते आणि भारताच्या डोक्यावर वरच्या थरातली हवा बाजूला पसरायला लागते. वरची हवा पसरली की खालची वर चढते. अशा वेळी अरबी समुद्र नेहमीपेक्षा गरम असेल तर चढणाऱ्या त्या हवेला बाष्पाचा भरपूर पुरवठा होतो. मग मध्य भारतावर सप्टेंबरात धो धो पाऊस. हवामानशास्त्रज्ञ ज्याला मध्य भारत म्हणतात, त्या चौकटीची पश्चिम कड साधारण आपल्या अंगणातूनच जाते.

म्हणजे मामाच्या कपाशीवर पडणाऱ्या पावसाला पाणी देतो अरबी समुद्र, आणि वरून दार उघडून देण्यात कारा समुद्राचा हात असू शकतो. 'असू शकतो' हे मी मुद्दाम लिहितो आहे. त्या निबंधाच्या शीर्षकातच 'संभाव्य संबंध' असे शब्द आहेत. बातम्यांच्या मथळ्यांत येईपर्यंत त्यातला 'संभाव्य' गळून पडला होता.

*

आर्क्टिकचं नाव निघालं की आपल्याला मोठी गोष्ट सांगण्याचा मोह होतो. हा मोह मराठी माणसाला जुना आहे, आणि तोही थोरामोठ्यांकडून आलेला.

लोकमान्य टिळकांना १८९७ साली राजद्रोहाची शिक्षा झाली. ते तुरुंगात असताना मॅक्स म्युलर यांनी त्यांना आपल्या ऋग्वेदाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रत पाठवली, त्यांच्या सुटकेसाठीही शब्द टाकला, आणि सप्टेंबर १८९८ मध्ये टिळक मुदतीआधी सुटले. त्या वाचनातून जी कल्पना आकाराला आली, तिचा ग्रंथ १९०३ साली पुण्याहून निघाला: 'द आर्क्टिक होम इन द वेदाज'. ऋग्वेदातल्या लांबत जाणाऱ्या उषा, देवांचा सहा महिन्यांचा दिवस आणि सहा महिन्यांची रात्र ही वर्णनं ध्रुवाजवळ राहिलेल्या माणसांच्याच आठवणी आहेत, असा त्यांचा दावा. या मांडणीत त्यांनी ज्यांचा आधार घेतला त्यांत एक नाव आहे विल्यम वॉरन यांचं. वॉरन बोस्टन विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष होते, आणि बायबलातलं नंदनवन उत्तर ध्रुवावर होतं असं सांगणारं त्यांचं पुस्तक १८८५ सालचं.

टिळकांचा सिद्धान्त टिकला नाही. त्यांच्या हयातीतच, १९१५ साली, नारायण भवानराव पावगी यांनी इंग्रजीतच ग्रंथ लिहून तो उलटा फिरवला: आर्यांचं मूळ घर सप्तसिंधूत, तिथून ते ध्रुवाकडे गेले. एका पुणेरी वादात उत्तर ध्रुव असा इकडून तिकडे ढकलला जात होता आणि दोघांपैकी कुणीही तिथे जाऊन आलेलं नव्हतं. पुढच्या शतकातल्या भूशास्त्रानं आणि पुरातत्त्वानं ध्रुवीय मूळ घराला काही आधार दिला नाही. तरी टिळकांचा तो ग्रंथ वाचताना मला आदर वाटतो. तुरुंगातून बाहेर आलेला माणूस त्या काळचं हिमयुगांचं भूशास्त्र, खगोलगणित आणि संहिता एकत्र मांडून बसतो, ही साधी गोष्ट नाही. अडचण इतकीच की घर कुठे आहे हे एकदा ठरल्यावर प्रत्येक ऋचा त्याच्याच वाटेवरची खूण दिसायला लागते.

मी मामाच्या ओट्यावर नेमकं तेच करत होतो. पाऊस पडलेलाच होता, मी त्याला ध्रुव शोधून दिला.

गंमत अशी, की ज्या १८९८ साली टिळक ही कल्पना घेऊन तुरुंगातून बाहेर पडले, त्याच साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड बाहेर पडला. वि. का. राजवाडे. त्या मालेचे पुढे बावीस खंड झाले. राजवाड्यांची रीत वेगळी होती. गावोगाव पायपीट करायची, माळ्यावरची, देव्हाऱ्यामागची, उंदरांनी कुरतडलेली दप्तरं सोडवायची, कागद जसा आहे तसा छापायचा. निष्कर्ष नंतर. (राजवाड्यांनीही नंतर असे काही निष्कर्ष काढले की वाचणाऱ्यानं कपाळाला हात लावावा, पण कागद मात्र त्यांनी चोख ठेवले.) ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते धुळ्यात वारले आणि पुढच्याच वर्षी धुळ्यात त्यांच्या नावानं संशोधन मंडळ उभं राहिलं. आजही तिथे त्या दप्तरांचे रुमाल बांधलेले आहेत.

आर्क्टिकच्या बाबतीत भारतानं गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे केलं, ते मला टिळकांच्या वाटेपेक्षा राजवाड्यांच्या वाटेवरचं वाटतं. उशिरा का होईना, कागद गोळा करायला माणसं निघाली.

*

मनमाड-भुसावळवरून जाणारी गोवा एक्सप्रेस आमच्या भागातल्या लोकांना दिल्लीला जायची गाडी म्हणून माहीत आहे. उलट्या बाजूला तिचं शेवटचं स्टेशन वास्को द गामा. तिथून जवळच, हेडलँड सडा नावाच्या समुद्रावर झुकलेल्या पठारावर, ध्रुवीय केंद्राच्या इमारती आहेत. १९९८ साली सुरू झालेल्या या केंद्रातल्या एका प्रयोगशाळेत तापमान गोठणबिंदूच्या खूप खाली ठेवलेलं असतं आणि तिथे बर्फाच्या नळकांड्या जपतात. बाहेर समुद्राचा दमट वारा, आत अंटार्क्टिकातून कापून आणलेलं जुनं बर्फ. त्यातल्या बुडबुड्यांत, धुळीत, मिठात त्या त्या वर्षाची हवा कोंडलेली आहे. रुमालात बांधलेलं दप्तर, फक्त गार.

ऑगस्ट २००७ मध्ये रसिक रवींद्र यांच्या नेतृत्वाखाली पाच जणांची पहिली भारतीय तुकडी आर्क्टिकमध्ये गेली. १ जुलै २००८ रोजी 'हिमाद्री' हे केंद्र सुरू झालं. जागा: स्वालबार्ड द्वीपसमूहातलं नी-ओलेसुन्ड हे गाव, ध्रुवापासून सुमारे बाराशे किलोमीटर. या गावाची कथा खानदेशच्या माणसाला कळेल अशी आहे. ती कोळशाच्या खाणीची वस्ती होती. ५ नोव्हेंबर १९६२ रोजी खाणीत स्फोट होऊन २१ कामगार मेले. चौकशीत सरकारचा हलगर्जीपणा बाहेर आला आणि पुढच्या वर्षी ओस्लोतलं सरकार पडलं. खाण बंद झाली. मग त्या रिकाम्या घरांत हळूहळू शास्त्रज्ञ राहायला आले. आज तिथे दहाएक देशांची केंद्रं आहेत. घरांना कुलूप लावत नाहीत, कारण बाहेर पांढरं अस्वल दिसलं तर कुणालाही जवळच्या दारातून आत शिरता आलं पाहिजे. अंतराळातून येणारे क्षीण संकेत टिपणारी यंत्रं गावात आहेत, म्हणून वायफाय आणि मोबाइल बंद ठेवण्याची शिस्त आहे. ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही. टिळकांनी जी रात्र पोथीत वाचली ती इथे चार महिने प्रत्यक्ष असते.

बरीच वर्षं आपले लोक फक्त उन्हाळ्यात जात. डिसेंबर २०२३ मध्ये पहिली हिवाळी तुकडी निघाली, म्हणजे हिमाद्री बाराही महिने चालवण्याची सुरुवात झाली. त्या पहिल्या तुकडीत गोव्याच्या केंद्राबरोबर मंडीची आयआयटी, बेंगळुरूची रामन संशोधन संस्था आणि पुण्याची उष्णदेशीय हवामान संस्था यांची माणसं होती. पाषाणला मान्सूनचं गणित करणारी संस्था अंधाऱ्या ध्रुवावर माणूस पाठवते, हे मला मामाच्या प्रश्नाचं सर्वांत चांगलं उत्तर वाटलं होतं.

त्याआधीची एक नोंद तितकीच महत्त्वाची आहे. २३ जुलै २०१४ रोजी नी-ओलेसुन्डजवळच्या कोंग्सफ्योर्ड या खाडीत भारतीयांनी १९२ मीटर खोलीवर एक दोर नांगरून ठेवला. त्यावर ठिकठिकाणी यंत्रं बांधलेली. तापमान, खारटपणा, प्रवाह. नाव 'इंडआर्क'. गोवा, चेन्नई आणि हैदराबादच्या संस्थांनी मिळून हे केलं. वर बर्फ असो, वादळ असो, अंधार असो, ते खाली मोजत राहतं. अटलांटिकचं कोमट पाणी त्या खाडीत कधी शिरतं, किती शिरतं, हे एरवी हिवाळ्यात कुणाला दिसलं नसतं.

मोजमाप म्हणजे काय असतं, हे जळगाव जिल्ह्यात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. रावेर-यावलच्या केळीबागांना थंडीचा कडाका सोसत नाही. पानं पिवळी पडतात, वाढ थांबते, चरका येतो. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, पण त्याचा पैसा पानांकडे बघून मिळत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राचा पारा ठरावीक अंशाखाली ठरावीक दिवस सलग राहिला, तरच मिळतो. केंद्र आपल्या बागेपासून किती लांब आहे, ते चालू होतं की बंद, त्यावर सावली पडते का, यावर गावोगाव वाद झडतात. तापमापकावर रागावणारा शेतकरी मी पाहिला आहे. हिमाद्रीतल्या संशोधकाइतकंच त्यालाही ठाऊक असतं, की न झालेली नोंद म्हणजे न झालेली घटना.

*

इथवर जी नावं आली ती बहुतेक सरकारी संशोधन संस्थांची होती. विद्यापीठं कुठे आहेत?

आपल्याकडे ध्रुवीय संशोधनाचं तोंड दिल्लीच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आहे. गोव्याचं केंद्र दरवर्षी विद्यापीठांकडून आणि संस्थांकडून प्रस्ताव मागवतं, निवडलेल्यांना नेतं. गोवा विद्यापीठाचं या केंद्राशी शेजाऱ्याचं नातं आहे, केंद्रातले अनेक तरुण पीएचडीसाठी तिथेच नाव नोंदवतात. दोनापावल्याच्या समुद्रविज्ञान संस्थेचे संचालक राहिलेले सतीश शेट्ये पुढे त्या विद्यापीठाचे कुलगुरू झाले. समुद्राचा माणूस विद्यापीठाच्या खुर्चीत, हे आपल्याकडे फार घडत नाही. पण एकूण चित्र असं, की प्रश्न संस्था ठरवते आणि विद्यापीठ पाहुणं म्हणून जातं.

उत्तरेकडे हे उलट घडलं. नॉर्वेतलं ट्रॉम्सो पाहा. आर्क्टिक वर्तुळाच्याही पलीकडचं बंदर. १९६० च्या दशकात त्या भागाची तक्रार आपल्याला ओळखीची वाटावी अशी होती: शिकायला पोरं ओस्लोला जातात ती परत येत नाहीत, खेड्यांना डॉक्टर मिळत नाहीत. दक्षिणेतले शहाणे म्हणत होते, तिकडे विद्यापीठ कशाला, विद्वान तिथे टिकणार नाहीत. संसदेनं १९६८ मध्ये निर्णय घेतला, १९७२ मध्ये विद्यापीठ उघडलं. पहिले कुलगुरू पेटर योर्ट स्वतः डॉक्टर होते. उत्तरेतल्या मुलांना वैद्यकीला प्राधान्य दिलं, शिकतानाच त्यांना खेड्यांतल्या दवाखान्यांत पाठवलं, आणि त्यातले बरेच तिथेच राहिले. मासेमारी, सामी लोकांची भाषा, ध्रुवीय प्रकाश हे विषय तिथे 'स्थानिक' म्हणून बाजूला पडले नाहीत, त्यांच्यावरच विद्यापीठ उभं राहिलं. २०१३ पासून ते नावातच नॉर्वेचं आर्क्टिक विद्यापीठ म्हणवून घेतं. स्वालबार्डवर, लाँगइयरब्येनमध्ये, १९९३ पासून एक विद्यापीठ केंद्र आहे. तिथे शिकायला गेलेल्या मुलाला आधी बंदूक चालवायला आणि हिमनदीच्या भेगेतून माणूस बाहेर काढायला शिकवतात, भूशास्त्राचा तास त्यानंतर. २००१ मध्ये फिनलंडच्या रोव्हानिएमी इथे उत्तरेतल्या विद्यापीठांनी मिळून 'युनिव्हर्सिटी ऑफ द आर्क्टिक' नावाचं जाळं विणलं. त्याला स्वतःची इमारत नाही, पदवी नाही. विद्यार्थी आणि अभ्यासक्रम एकमेकांकडे पाठवणं हेच त्याचं काम, आणि सदस्यांत ध्रुवापासून दूर असलेल्या देशांच्या संस्थाही आहेत.

ट्रॉम्सोची कथा वाचताना मला बांभोरीचा पूल आठवत होता. गिरणा ओलांडली की डाव्या-उजव्या हाताला उघडं माळरान, आणि त्यावर आमचं विद्यापीठ. तोवर जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाखाली होती. साध्या गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी रात्रीची एसटी पकडून पुणे गाठायचं, खिडकीवर 'उद्या या' ऐकायचं, हे आमच्या आधीच्या पिढीनं केलं. १५ ऑगस्ट १९९० रोजी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. पहिले कुलगुरू एन. के. ठाकरे गणितज्ञ होते. तेव्हाही पुण्यात कुजबुज होती की तिकडे कोण शिकवायला जाणार. आज जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांचं ते विद्यापीठ आहे, पर्यावरण आणि भूविज्ञानाची स्वतंत्र प्रशाळा तिथे आहे, आणि २०१८ पासून त्याला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. अक्षरओळख नसलेल्या शेतकरी बाईचं नाव विद्यापीठाला देणं ही मला फार मोठी गोष्ट वाटते. तिनं वारा, पेरणी, धान्य यांच्याकडे जे बघितलं ते निरीक्षणच होतं, नोंद मात्र दुसऱ्यांनी करून घ्यावी लागली.

काठावरच्या गावानं मोठा प्रश्न हातात घेणं खानदेशाला नवं नाही. अमळनेरला १९१६ साली प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर काढलं आणि देशभरचे अभ्यासक त्या कापसाच्या गावात शंकराचार्य आणि कांट वाचत बसले. तेव्हा कुणी विचारलं नाही की अमळनेरचा कांटशी काय संबंध.

म्हणून जळगावच्या विद्यापीठानं आर्क्टिककडे बघावं असं म्हणताना मला संकोच वाटत नाही. पण बघावं ते हिमाद्रीवर झेंडा धरून फोटो काढण्यासाठी नव्हे. भारताच्या २०२२ च्या आर्क्टिक धोरणात सहा स्तंभ आहेत, शेवटचा देशातली क्षमता वाढवण्याचा. असे स्तंभ बहुधा दिल्लीत आणि किनाऱ्यावर उभे राहतात. खानदेशाकडे मात्र स्वतःचा नेमका प्रश्न आहे, जो गोव्यात किंवा दिल्लीत कुणाला सुचणार नाही: सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पूर्वहंगामी कपाशी फुटलेली असताना, तापी-गिरणा-पांझरा-बोरीच्या खोऱ्यात पडणाऱ्या पावसाचं काय होत चाललं आहे, आणि त्यातला किती वाटा दूरच्या समुद्राचा? इथल्या एखाद्या पोरीनं हा प्रश्न घेऊन गोव्याला प्रस्ताव पाठवला तर तो नाकारायला कारण शोधावं लागेल. आणि उत्तर 'काही संबंध नाही' असं आलं, तरी ते जळगावच्या नावावर छापलं जाईल.

एक गोष्ट मात्र कुणाही कुलगुरूंच्या हातात नाही. कारा समुद्र रशियाचा आहे. आर्क्टिकचा जवळपास अर्धा किनाराच रशियाचा आहे. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर मार्च २०२२ मध्ये आर्क्टिकभोवतालच्या देशांच्या आर्क्टिक परिषदेचं काम थांबलं आणि आर्क्टिक विद्यापीठांच्या जाळ्यानं रशियन संस्थांचं सदस्यत्व स्थगित केलं. वरून उपग्रह बर्फ बघत राहतात, त्यांना व्हिसा लागत नाही. पण सायबेरियातली गोठलेली जमीन किती भुसभुशीत झाली, किनाऱ्यावरचं पाणी किती तापलं, याच्या जमिनीवरच्या नोंदी पश्चिमेकडे येणं खूप आटलं. मामाच्या प्रश्नाला त्यामुळे आणखी एक उत्तर मिळतं: मधे एक युद्ध पण आहे. भारत १९२० च्या स्वालबार्ड कराराचा मूळ स्वाक्षरीकर्ता आहे, ब्रिटिशांच्या अमलाखाली असताना का होईना. २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे. मॉस्कोशीही बोलतो आणि ओस्लोशीही. कारा समुद्राच्या नोंदी मागायला आपल्याइतकी सोयीची जागा फार थोड्या देशांकडे असेल.

*

यंदा लेखासाठी पुन्हा मामाकडे गेलो तेव्हा त्याला हे सगळं सांगितलं: लाटा, दोरखंड, अरबी समुद्र, ट्रॉम्सो, युद्ध. हेही सांगितलं की सरकारी पंचांगसुद्धा बदललं आहे. हवामान विभागानं २०२० साली मान्सूनच्या तारखा नव्यानं मांडल्या, तेव्हा राजस्थानातून पाऊस माघारी फिरण्याची जुनी १ सप्टेंबर ही तारीख १७ सप्टेंबर झाली. पण हा बदल गेल्या काही दशकांच्या नोंदींवरून केला आहे, आर्क्टिकवरून नव्हे, हे मी लगेच जोडलं. आता मी शहाणा झालो होतो.

मामा उठला, आतल्या खोलीत गेला आणि सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन आला. कालनिर्णय. एकावर एक, वर्षांची वर्षं. मला माहीतच नव्हतं. प्रत्येक चौकोनात बॉलपेननं बारीक अक्षरात काहीतरी. 'पाणी'. 'पाणी नाही'. 'रातभर पाणी'. 'वेचणी दुसरी, ३ क्विं.' 'कपाशी ओली, भाव पाडला.' मधेच 'तात्या वारले', 'लाईट नाही', 'पंप जळाला'. मी ओट्यावर बसून सप्टेंबरची पानं उलटायला लागलो. एकेका वर्षाचे 'पाणी' मोजत गेलो. काही वर्षं दोनतीन, काही वर्षं दहाच्या वर. रेघ वर जाते आहे असं क्षणभर वाटलं, मग दोन कोरडी वर्षं आली आणि रेघ मोडली. एका शेतावरून काही सिद्ध होत नाही. कारा समुद्राच्या त्याच वर्षांच्या आकड्यांशेजारी ही पानं ठेवून बघायला हवी होती, आणि बोरीच्या खोऱ्यातले आणखी पन्नास मामा शोधायला हवे होते.

गठ्ठा जळगावला नेतो, विद्यापीठात कुणाला तरी दाखवतो, म्हटलं. मामानं सुतळी पुन्हा बांधून दिली. गाडीला किक मारली तेवढ्यात मागून हाक आली. मागच्या साली गाय कधी फळवली ते त्यात लिहिलंय, तेवढं एक कॅलेंडर ठेवून जा, म्हणाला.